कामाच्या जागी मनावर येणारा ताण : 'हिरा'च्या रजिस्टरात काय लिहू?

हिरवं_हेल्मेट

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

खेड आणि चिपळूणच्या मधल्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. कायम आणि कंत्राटी धरून दीडशे माणसं, तीन पाळ्या. आमचा एक परदेशी ग्राहक आहे. त्यांच्या ऑडिटरने यंदा नवाच प्रश्न काढला : कामामुळे माणसांच्या मनावर जो ताण येतो, त्याचा धोका तुम्ही कधी तपासलाय का? २०२१ साली आयएसओ ४५००३ नावाची मार्गदर्शिका आली, तिच्या आधाराने हे विचारतात. (४५००१ या कामाच्या जागच्या सुरक्षेच्या मानकाचं सर्टिफिकेट मिळतं. ४५००३ चं मिळत नाही, ती नुसती मार्गदर्शनासाठी आहे.) साहेबांनी फाईल माझ्याकडे सरकवली. दीड महिन्याची मुदत.

आमच्याकडे प्रत्येक कामाचं 'हिरा' रजिस्टर असतं (HIRA, म्हणजे धोके ओळखून त्यांची जोखीम तोलणं). धोका कोणता, किती गंभीर, किती वेळा घडू शकतो, दोन्हींचा गुणाकार, आणि शेवटच्या रकान्यात उपाय. टाकीत उतरायचं असो की ॲसिडचा ड्रम हलवायचा असो, ते रकाने मी झोपेतही भरेन. इथे मात्र पेन अडलंय. साहेब म्हणतात, योगदिन करू, एक व्याख्यान ठेवू, फोटो लावू, झालं.

मला ते पटत नाही. का, ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एका रात्री घाटात दरड आली आणि पलीकडची माणसं अडकली. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, आल्याशिवाय रिॲक्टर सोडायचा नाही, हा नियम, आणि तो बरोबरच आहे. दुपारी ३ ला आलेला आमचा ऑपरेटर सकाळी ७ पर्यंत थांबला. त्या आठवड्यातली ती त्याची तिसरी 'डबल', म्हणजे लागोपाठ दोन पाळ्या. आधीच्या दोन डबलना दरड नव्हती, नुसती माणसं कमी होती. पहाटे साडेचारला त्याने चुकीचा व्हॉल्व्ह उघडला. चूक झाली की यंत्र आपोआप अडवणारा इंटरलॉक होता म्हणून बॅच तिथेच थांबली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नियर मिसचा (थोडक्यात टळलेल्या अपघाताचा) फॉर्म मीच भरला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. त्याने खाली सही केली. सही करताना पेन दोनदा त्याच्या बोटांतून सुटलं. ते मी पाहिलं, आणि तरी फॉर्म फाईलला लावला.

तो फॉर्म डोक्यातून जात नाही. म्हणून विचारतोय. तुमच्या कामात मनावर खरा ताण कशाने येतो? आणि कुणी कामात काही बदल केला आणि तो ताण कमी झाला, असं तुम्ही पाहिलंय का? व्याख्यान सोडून.

बांगडा_तिखला

आमच्या हापिसात ताण कमी करूक साहेबान भितीर बोर्ड लावल्यान, 'हसत रवा'. बोर्ड लावूक आमका रविवारी बोलवल्यान.

खाजणकाठ

बांगडा, हसू आलं आणि लगेच गेलंही.

हेल्मेट, मी बँकेत आहे. कुठल्या ते विचारू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा आमची शाखा छतापासून दोन हात सोडून पाण्याखाली गेली. शटर उघडलं तेव्हा आत घोटाभर गाळ आणि कर्जाच्या फायली फुगून पावासारख्या झालेल्या. आम्ही खिडकीपासून खांबापर्यंत सुतळ्या बांधल्या आणि एकेक कागद कपड्यांच्या चिमट्यांनी वाळत घातला. लोकांच्या जमिनीचे कागद होते, टाकून कसे देणार? त्याच वेळी माझ्या घरचा फ्रिज अंगणात आडवा पडला होता आणि सासूबाई शेजाऱ्यांच्या माळ्यावर होत्या.

दुसऱ्या आठवड्यात वरच्या कार्यालयातून व्हिडिओ मीटिंग. "या महिन्याचं विम्याचं टार्गेट कुठवर आलं?" विचारणारा ओरडला नाही, रागावलाही नाही. रोजच्या आवाजात विचारलं. मी 'बघते सर' म्हटलं, बाथरूममध्ये गेले आणि तोंडात ओढणी कोंबून रडले. पूर आला त्या दिवशी मी रडले नव्हते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. शेजारच्या तालुक्यातल्या शाखेतून दोघं जण आठ दिवस येऊन आमच्या काउंटरला बसले. त्यांतले एक गृहस्थ म्हणाले, "ताई, तुम्ही घरी जा, गाळ काढा, इकडचं मी बघतो." त्यांचं नावसुद्धा मला आधी ठाऊक नव्हतं. त्या आठ दिवसांनी मला जेवढं सावरलं तेवढं कशानेच नाही. तुमच्या रजिस्टरात एक ओळ माझ्यातर्फे लिहा : आपत्तीनंतर पहिले पंधरा दिवस टार्गेट बंद, आणि दुसऱ्या शाखेतून माणसं.

मुक्कामी_गाडी

सर्वांचे वाचले. माझे मत वेगळे आहे, राग मानू नये.

मी एसटीत ३१ वर्षे चालक होतो. ताण कुणाला नव्हता? आंबा घाटात धुके उतरले की बोनेट दिसत नसे. कंडक्टर खाली उतरून बॅटरी दाखवत पुढे चाले आणि त्या उजेडामागून मी गाडी सोडत असे. मागे पन्नास माणसे झोपलेली. त्याला आम्ही ताण म्हटले नाही, काम म्हटले. आता पोराला साहेब जरा मोठ्याने बोलला की तो राजीनामा लिहितो. सहनशक्ती उरली नाही हे खरे दुखणे आहे.

आमच्या वेळी मुक्कामाची गाडी असे. रात्री साडेआठला शेवटच्या वाडीत पोचायचे, देवळासमोर गाडी लावायची. कुणीतरी भाकरी-कालवण आणून देई, कुणी गरम पाणी. मी आणि कंडक्टर देवळाच्या पडवीत पथारी टाकून दिवसभराचे बोलत असू. सकाळी सहाला गाडी काढायची. वाटेत कुणाची म्हातारी दवाखान्यात जायची असेल तर दोन मिनिटे थांबायचे, ते आमच्या हातात होते. कुठल्याही व्याख्यानाची गरज पडली नाही.

फणसाची_आठळी

काका, आमच्या गावची मुक्कामी गाडी! पहाटे ड्रायव्हरने इंजिन चालू केलं की आजी म्हणायची, उठा, सहा वाजले. घरात घड्याळ होतं, पण ते त्या गाडीवर लावायचे.

खाजणकाठ

आमच्याकडे दहावीच्या परीक्षेला त्याच गाडीने जायचो. कंडक्टरकाका विचारायचे, हॉल तिकीट घेतलंस का? एकदा मी खरंच विसरले होते. गाडी थांबवून ठेवली होती त्यांनी.

सुरंगी

मी मानसोपचार क्षेत्रात काम करते, रत्नागिरी जिल्ह्यातच. काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही म्हणता ताण नव्हता, पण मला त्यात सगळं उत्तरच सापडलं.

रॉबर्ट कारासेक नावाच्या अभ्यासकाने १९७९ मध्ये एक साधी मांडणी केली. काम कितीही कठीण असो, ते कसं करायचं हे थोडंफार माणसाच्या हातात असलं तर तो टिकतो. कामाचा बोजा मोठा आणि हातात काहीच नाही, ही जोडी सगळ्यात वाईट. पुढे त्यात तिसरी गोष्ट आली, सोबत. आता तुमचं बघा. घाट कठीण, पण गाडी कधी थांबवायची ते तुम्ही ठरवायचा. रात्री बोलायला कंडक्टर. गावाकडून भाकरी आणि मान. सहनशक्ती तुमच्यात होती, नाही म्हणत नाही. पण ती रोज रात्री त्या पडवीत भरूनही निघत होती. आजच्या पोराला घाट तेवढा आहे, पडवी नाही.

लंडनमधल्या सरकारी नोकरांचा १९६७ पासून एक मोठा अभ्यास झाला, व्हाइटहॉल या नावाने ओळखतात. सगळ्यांना वाटायचं, हृदयविकार मोठ्या साहेबांना होतो, जबाबदारी त्यांच्यावर असते म्हणून. निघालं उलटं. खालच्या श्रेणीतल्या नोकरांमध्ये हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या अधिकाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होते, आणि विडी-सिगारेट, रक्तदाब हे सगळं हिशेबात धरूनही फरक पूर्ण मिटत नव्हता. पुढच्या अभ्यासात कामावर ताबा नसणं हे एक मोठं कारण म्हणून पुढे आलं.

हेल्मेट, तुमच्यासाठी : ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने सहा बाबी दिल्या आहेत. कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मिळणारी मदत, आपसातले संबंध, आपलं नेमकं काम काय याची स्पष्टता, आणि बदल कसे कळवले जातात. तुमचे रकाने इथून सुरू करता येतील. यातली एकही बाब माणसाच्या डोक्यात नाही. सगळ्या कामाच्या मांडणीत आहेत.

आणि 'बर्नआउट' हा शब्द हल्ली कुठेही फेकतात म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ यादीत तो आजार म्हणून धरलेला नाही. कामाच्या जागी दीर्घकाळ राहिलेला आणि नीट न हाताळलेला ताण, असं त्याचं वर्णन आहे. नैराश्य आणि चिंतारोग हे आजार आहेत, त्यांना उपचार लागतात. दोन्हींची गल्लत झाली की कामगाराला गोळ्या मिळतात आणि ड्यूटी चार्ट होता तसाच राहतो.

बर्फावरची

सुरंगीताईंनी 'हातात काही नसणं' म्हटलं म्हणून लिहिते.

मी बंदरालगतच्या एका मासळी प्रक्रिया कारखान्यात सुपरवायझर होते. कोळंबी सोलायच्या हॉलमध्ये लांबच लांब स्टीलची टेबलं, दोन्ही बाजूंना बायका उभ्या. बर्फाच्या पाण्यात हात, दुपारपर्यंत बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतलेली. पगार किलोवर. टॉयलेटला जायचं तर माझ्याकडून बिल्ला घ्यायचा. बिल्ले दोनच, टेबलावर चाळीस जणी. मी वर्षभर ते बिल्ले वाटले.

मुली पाणी प्यायच्या बंद झाल्या. एक जण तर सकाळचा चहाही टाळायची. कुणी रडलं नाही, भांडलं नाही. मग एक बाहेरगावची मुलगी होती, वीस-बावीसची, ती दिवसेंदिवस बोलायचीच बंद झाली. मी विचारलं तर म्हणाली, "दीदी, बिल्ला मांगने में शरम आती है." ती आजारी नव्हती हो. तिला दिवसातून चार वेळा, सगळ्यांसमोर, हात पसरायला लावत होतो आम्ही.

नवीन मॅनेजर बाई आल्या. पहिल्याच आठवड्यात बिल्ले काढून टाकले. सगळे म्हणाले, आता माल पडून राहील. तसं काही झालं नाही, संध्याकाळची वजनं आधीसारखीच आली. त्या मुलीचा आवाज मी त्या महिन्यात पहिल्यांदा नीट ऐकला. गाणं म्हणत होती टेबलावर.

बांगडा_तिखला

ह्या वाचून हात थांबलो माझो. बर्फावरची, बरा केलास लिवलास ता.

एचआरवाला

सगळे अनुभव मनाला भिडणारे आहेत, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला हवी. मी दोन लहान युनिट्सचं मनुष्यबळ बघतो. प्रत्येक तक्रार हा 'धोका' नसतो. दांड्या मारणाराही हल्ली 'मानसिक त्रास' लिहून देतो, आणि मग त्याच्या जागी प्रामाणिक माणूस डबल करतो. हाही ताणच ना? दुसरं, साठ माणसांच्या कारखान्याचा मालक महिन्याच्या ७ तारखेला पगार कसे होतील या काळजीत जागा असतो. त्याला ४५००३ सांगणं सोपं आहे, जादा रिलीव्हर ठेवायचे पैसे कोण देणार? हेल्मेट, तुमचे साहेब योगावर थांबतात त्याला कंजूषपणाच कारण असेल असं नाही. त्यांना दुसरं परवडणारं काही दिसत नसेल.

दर्यावर्दी

एचआरवाला, तुमचा मुद्दा मान्य, पण आधी जहाजावरची एक गोष्ट सांगतो.

मी गुहागर तालुक्यातला, मर्चंट नेव्हीत इंजिनरूमला. आमच्यासाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, एमएलसी २००६. चोवीस तासांत किमान १० तास विश्रांती, सात दिवसांत किमान ७७. कागदावर इतका स्पष्ट नियम जमिनीवर कुणाला नसेल. आणि एका जहाजावर मी सलग तीन बंदरं जवळजवळ जागा होतो, विश्रांतीचा तक्ता मात्र दर महिन्याला बिनचूक. तक्ता आधी भरायचा, विश्रांती जमली तर घ्यायची. त्या काळात मला साध्या आवाजांचीही धडकी भरायची. बायकोचा फोन आला की काय बोलावं सुचत नसे, नेटवर्क नाही म्हणून कट करायचो.

पुढच्या जहाजावर चीफ इंजिनियर वेगळा होता. तक्त्यात खरं लिहा म्हणाला. पहिल्या महिन्यात लाल खुणाच खुणा. त्याने तो तक्ता तसाच कंपनीला पाठवला आणि वर लिहिलं, माणूस कमी आहे. पुढच्या बंदरात एक जण चढला.

हेल्मेट, आधी खरं लिहा. खोट्या रजिस्टरावर उपाय बसत नाही.

हिरवं_हेल्मेट

तुम्ही सगळ्यांनी इतकं मोकळेपणाने लिहिलंत, खूप आभार. बर्फावरचीताई, तुमचा प्रतिसाद मी आमच्या कँटीनमध्ये बसून वाचला, पुढचा घास घ्यायला वेळ लागला.

एक गोष्ट लक्षात आली. आमच्या शास्त्रात उपायांची उतरंड असते. आधी धोकाच काढून टाका, नाही जमलं तर बदला, मग यंत्रात सुधारणा, मग नियम, आणि सगळ्यात शेवटी मास्क-हातमोजे. पाइपच्या जोडातून, फ्लँजमधून, वास येत असेल तर मी गॅस्केट बदलायला लावतो, सगळ्यांना मास्क वाटून घरी जात नाही. मग इथे मी पहिल्यापासून मास्कच का शोधतोय? योग चांगलाच आहे, मी स्वतः करतो. पण तो शेवटच्या पायरीवरचा उपाय आहे.

एचआरवाला, पैशाचा प्रश्न तुम्ही काढलात म्हणून काल रात्री हिशेब करून बघितला. १९४८ च्या कारखाने कायद्यापासून आठवड्याचे ४८ तास आणि जादा वेळेला दुप्पट दर हा हिशेब आहे. एक डबल म्हणजे ८ तास जादा, पगार १६ तासांचा. आठवड्याला तीन डबल म्हणजे ४८ तासांचा पगार. म्हणजे एका पूर्ण माणसाचा आठवडा! आम्ही तीन डबल लावतो तेव्हा आणखी एका माणसाचा पगार आधीच देत असतो, फक्त तो माणूस आणत नाही. प्रॉव्हिडंट फंड, बोनस, बस धरून थोडा फरक पडेल, पण साहेबांना जेवढं महाग वाटतं तेवढं ते नाही. मी हे तीनदा पडताळून पाहिलं, मला स्वतःलाच खरं वाटेना.

एचआरवाला

हा हिशेब मी कधी असा मांडून बघितला नव्हता. पटला. शिवाय ४८ अधिक २४ म्हणजे ७२ तास होतात. १९४८ च्या त्या कायद्यातच ओव्हरटाईम धरूनही आठवडा ६० च्या वर जाऊ द्यायचा नाही असं होतं. हे साहेबांना माझ्यापेक्षा तुम्ही सांगितलेलं बरं, पण सांगाच.

सुरंगी

त्यात आणखी एक आकडा जोडा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये एकत्र अभ्यास मांडला. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. तुमचा ऑपरेटर त्या आठवड्यात ७२ ला होता.

नाव_नको

हा आयडी आजच काढला. विषय थोडा वेगळा आहे. मला गेल्या वर्षापासून गोळ्या चालू आहेत, नैराश्यासाठी. आता बरं आहे. मीही वसाहतीतच कामाला आहे, पाळीत. ऑफिसला सांगावं की नाही? सांगितलं तर 'याला रत्नागिरीला पाठवा' सुरू होईल ही भीती. लपवलं तर रात्रपाळीला झोप अनावर होते आणि लोक म्हणतात पिऊन आलाय.

सुरंगी

नाव_नको, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

तुमच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं ही उपचार करणाऱ्यांची जबाबदारी आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तो तुमचा हक्क म्हणून लिहिला आहे. तुम्ही सगळ्यांना सांगायला हवं असं अजिबात नाही. पण यंत्रावर काम आणि झोप येणारी गोळी ही जोडी तुमच्यासाठीच धोक्याची आहे. म्हणून पहिलं पाऊल ऑफिसकडे नको, डॉक्टरांकडे. 'मी रात्रपाळी करतो' हे त्यांना स्पष्ट सांगा. गोळीची वेळ किंवा गोळी बदलता येते, बरेचदा तेवढ्याने भागतं. मनाने गोळी बंद मात्र करू नका. नाहीच जमलं तर काही काळ रात्रपाळी नको एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र मागा, त्यात आजाराचं नाव घालायची गरज नसते. विमा असेल तर त्याच कायद्याप्रमाणे मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यायचं असतं.

आणि रत्नागिरीचं म्हणाल तर राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत : ठाणे, पुणे, नागपूर आणि आपलं रत्नागिरी. आपल्या जिल्ह्यात अशी सोय आहे ही आधाराची गोष्ट, आणि आपण तिची शिवी करून ठेवली. तिथे बाह्यरुग्ण विभागात कितीतरी माणसं सकाळी येतात, गोळ्या घेतात आणि दुपारी कामावर जातात. कुणाला कळतही नाही.

रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६. टेली-मानस, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. जीव नकोसा वाटण्यापर्यंत गेलं तर वाट बघू नका, लगेच लावा. इथे वाचणाऱ्या सगळ्यांनीच हा नंबर फोनमध्ये ठेवा.

नाव_नको

रात्रपाळीचं डॉक्टरांना कधी सांगितलंच नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही. मंगळवारी जातो.

जेट्टीवरचा

आमच्याकडे ना पाळी ना रजिस्टर. बाबांच्या दोन बोटी, मी हिशेब बघतो. खलाशी हंगामाच्या आधी उचल घेतात आणि मग ती फिटेपर्यंत बोट सोडता येत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, तेव्हा घरी जातात, ऑगस्टमध्ये परत. मासळी लागली नाही तर तांडेलाचं, म्हणजे बोटीवरच्या प्रमुखाचं, डोकं फिरतं, ते खलाशावर निघतं. खोल समुद्रात बोटीवरून जाणार कुठे? एचआरवाला म्हणतात मालक जागा असतो, ते खरं आहे, मी बघतो बाबांना. पण धागा वाचून यंदा एक केलं. उचल किती, फिटली किती, बाकी किती, हे दर पंधरवड्याला प्रत्येकाला वहीत लिहून द्यायला लागलो. आधी हे फक्त बाबांच्या डोक्यात असायचं. एक नेपाळी खलाशी ती वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उशाखाली ठेवतो.

मुक्कामी_गाडी

चार दिवस लिहिले नाही. विचार करत होतो.

माझा चुलतभाऊ मुंबईला गिरणीत होता. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यांत आपले कोकणातले किती होते ते इथे कुणाला सांगायला नको. वर्षभर वाट पाहून तो गावी परत आला. ओटीवर बसून राही. पहाटे गिरणीचा भोंगा व्हायच्या वेळेला मात्र उठे, अंघोळ करून शर्ट घाली आणि परत येऊन बसे. खिशात गिरणीचा पास. शेतावर बोलावले तर येई, पण कोयती हातात धरून उभाच राही. वाडीत त्याला 'रत्नागिरी' म्हणत. मी म्हटले नाही, पण मी त्याला आळशी म्हटले. चारचौघांत म्हटले. तो काही बोलला नाही.

आज इतक्या वर्षांनी सुरंगीताईंचे वाचताना कळले की त्याच्याकडून काम गेले, सोबत गेली, आणि उद्या काय हे कुणी सांगत नव्हते. त्याच्या सहनशक्तीत काही कमी नव्हते. मी वर जे सहनशक्तीचे लिहिले ते मागे घेतो.

हेल्मेट, तुम्ही 'निष्काळजीपणा' लिहिलात, मी 'आळशी' म्हटले. तुमचा माणूस अजून कामावर आहे. जाऊन बोला त्याच्याशी.

खाजणकाठ

काका.

फणसाची_आठळी

काका, तुमच्या भावाचं वाचून आमच्या आजोबांची आठवण झाली. तेही परत आले होते. आमच्या घरात यावर कुणी कधी बोललं नाही. आज आईला फोन करते.

हिरवं_हेल्मेट

तीन आठवड्यांनी येतोय. काय झालं ते सांगतो.

तिन्ही पाळ्यांत चहाच्या वेळेला गेलो. हातात कागद, नाव लिहायचं नाही, मराठीत आणि हिंदीत, कारण कंत्राटी पोरं बिहार-ओडिशाची. एकच प्रश्न : कामातली कुठली गोष्ट घरी गेल्यावरही डोक्यात राहते? मला वाटलं होतं उष्णता, वास, साहेबांचं बोलणं असं येईल. सगळ्यात जास्त आलं ते 'आज घरी जायला मिळेल का'. रिलीव्हर येईल की नाही हे पाळी संपेपर्यंत कळत नाही. एकाने लिहिलंय, 'मुलगी बाबा कधी येणार विचारते, मी कधीच वेळ सांगत नाही.' त्याखालोखाल ड्यूटी चार्ट, तो सोमवारचा शनिवारी संध्याकाळी लागतो. कंत्राटी पोरांचं एकच : कंत्राट वाढलं की नाही ते महिन्याच्या शेवटच्या दिवशी कळतं. ते कागद वेगळे ओळखू येत होते, घड्या घालून घालून अगदी लहान केलेले.

सगळं सुरंगीताईंच्या सहा बाबींखाली मांडलं. हिशेब जोडला. ७२ तासांचा आणि ५५ तासांचा आकडाही. साहेबांनी बराच वेळ वाचलं. म्हणाले, तीन डबलचा हिशेब मला कुणी सांगितला नव्हता. मंजूर झालं ते असं : जून ते सप्टेंबर घाटाच्या अलीकडे राहणारे दोन जादा रिलीफ ऑपरेटर. एका आठवड्यात एकाला एकापेक्षा जास्त डबल नाही. चार्ट पंधरा दिवस आधी. पाळी संपायच्या दोन तास आधी रिलीव्हरला फोन, म्हणजे थांबावं लागणार असेल तर माणसाला घरी कळवता येईल. या शेवटच्याला खर्च एका फोनचा. कंत्राट वाढल्याचं आधी कळवण्याचं मंजूर झालं नाही, ते मी रजिस्टरात उघडं ठेवलंय, लाल रंगात. पुढच्या तिमाहीत पुन्हा मांडणार. २१ जूनला योगदिनही होईल, त्यातही मी असेन.

काका, तुम्ही सांगितलंत तसं केलं. तो जुना नियर मिसचा फॉर्म काढला. खाडाखोड चालत नाही, म्हणून सुधारित फॉर्म नवा भरला. कारण : सलग १६ तास काम, आठवड्यातली तिसरी डबल, बदली माणसाची व्यवस्था नाही. सही माझी. घेऊन त्याच्याकडे गेलो, पॅनेलसमोर उभा होता. हेल्मेट काढून मी म्हटलं, तेव्हा मी चुकीचं लिहिलं होतं. त्याने फॉर्म वाचला, मग परत पहिल्यापासून वाचला. मग विचारलं, "साहेब, याची झेरॉक्स मिळेल? घरी दाखवायची होती."

खाजणकाठ

दिलीत ना?

हिरवं_हेल्मेट

दोन दिल्या.